रुईशी लागलेलं लग्न

सकाळी साडेनऊला निमोण्याच्या ईश्वरचं बांधावरच्या रुईशी लग्न लागलं आणि दहाला त्याची आई रंगुबाईनं त्याच्या हातात कोयता दिला.

ईश्वरच्या दोन बायका गेल्या होत्या. पहिली साप चावून, दुसरी काविळीनं. आता दौंडकडची समृद्धी पसंत पडली होती, तीही विधवाच. पण तिसरी लाभत नाही म्हणतात. म्हणून तिसरी रुई करायची, म्हणजे समृद्धी आपोआप चौथी. देवाला असं फसवता येतं यावर गावाचा पक्का भरवसा. भटजींनी अंतरपाट धरला, ईश्वरनं झाडाला काळी पोत बांधली. कुंकू शेजारच्या बयाबाईनं लावलं, कारण नवरा गेल्यापासून वीस वर्षं रंगुबाई कुंकवाला शिवली नव्हती.

“आता तोड,” रंगुबाई म्हणाली. “तिसरी गेली म्हंजी चौथीला घोर न्हाई.”

“तोडू नये,” भटजी म्हणाले.

“आमच्यात तोडत्यात,” बयाबाई म्हणाली.

ईश्वरचं डोकं पार भंजाळलं. रुईला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. असलं झुडूप तोडायला एवढं काय अडायचं? पण आधीच्या दोघींच्या जाण्यात त्याचा हात नव्हता, हिच्यात असणार होता. आणि तोडलं नाही तर समृद्धीचं काय? त्यानं तिलाच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगून विचारलं, “तोडू का ठिवू?”



“माझं मालक गेलं तवा सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हणलं,” समृद्धी म्हणाली. “तुमच्या दोघी गेल्या, तर तुमचा दोष घ्यायला झाड हाय. मला कुणी झाड दिलं न्हाई. तोडायचं तर तोडा, पण माझ्या नावावर तोडू नका.”

फोन बंद झाला. ईश्वरनं आईकडं पाहिलं. “आये, आबा गेलं तवा तुला दिलं व्हतं का कुणी?”

रंगुबाईनं त्याच्या हातातून कोयता काढून घेतला. आता हीच तोडणार, असं त्याला वाटलं. तिनं कोयता गवतात टाकला, बयाबाईच्या हातातला करंडा घेतला आणि स्वतःच्या बोटानं रुईला कुंकू लावलं. बोटाला राहिलेलं पदराला न पुसता तिनं आपल्या कपाळाला लावलं.