अर्ध्या गल्लीचा समझोता

आमच्या कोष्टीपुऱ्यातली गल्ली एके काळी इतकी लांब होती, की एका टोकाला कोंबडा आरवला तर दुसऱ्या टोकाला दुपार झालेली असायची. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण शालिकरामचा ताणा तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत बसायचा, एवढं खरं. मागावर चढवण्याआधी सुताचे उभे धागे गल्लीभर ताणायचे, त्याची बायको वच्छलाबाई कुंच्यानं त्यांना खळ लावायची, आणि वाळेपर्यंत कुत्रंसुद्धा ते ओलांडायचं नाही.

बाकीच्यांचे माग केव्हाच चुलीत गेले होते. समोरच्या हेमराजनं तर गाडी घेतली, रामदासपेठेतल्या दवाखान्यांत पेशंट पोचवायला. ती उभी राहायची गल्लीतच. एका सकाळी तिचं चाक ओल्या ताण्यावरून गेलं आणि शालिकराम ठाण्यात गेला. ठाण्यानं पाहिलं, वाद किरकोळ. पाठवला सरकारी मध्यस्थी केंद्राकडे.

मध्यस्थ विश्वनाथराव, निवृत्त हेडक्लार्क, मनीषनगरहून स्कूटरवर आले. माणूस सज्जन, इतका, की मुंगी आडवी आली तर तिला आधी जाऊ देतील. त्यांनी दोन्ही घरचा चहा घेतला. आमच्यात रीत अशी, की पंच ज्याच्या घरचा चहा प्याला, त्यानं पंचाला नाही म्हणायचं नाही. विश्वनाथरावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना नुसती तलफ आली होती.

"गल्ली दोघांची," ते म्हणाले. "अर्धी गाडीला, अर्धी ताण्याला. कसं?"

"मले चालते," हेमराज म्हणाला.

शालिकराम रिकाम्या कपाकडे बघत राहिला. "साहेब, खळ एकाच ओढीत वाळाले लागते. अर्धा आज, अर्धा उद्या केला का सांध्यावर धागे चिकटतात."

"म्हणजे नामंजूर?"

"तसं नाही म्हणत."

"काहून नाही म्हणत?" वच्छलाबाई दारातून बोलली. "सांगा न, माग बंद पडन म्हणून."

"बाई, तुम्ही पक्षकार नाही," विश्वनाथराव हळूच म्हणाले.

"तू चूप राय वं," शालिकराम म्हणाला. "चहा पेले ते आपल्या घरचा." आणि त्यानं सही केली.

गल्लीच्या मधोमध आडवी पिवळी रेघ मारली गेली. हेमराजनं शालिकरामला पेढा भरवला, त्याचा फोटो निघाला आणि केंद्राच्या भिंतीवर लागला.

शालिकरामनं रेघेपर्यंत ताणा ताणला. उरलेला दुसऱ्या दिवशी. मागावर चढवला तर सांध्यावर धागे असे तुटायला लागले, की ज्वारीच्या लाह्या फुटून राहिल्या वाटावं. पुन्हा केला, पुन्हा तुटले. मग त्यानं माग सोडवला आणि पाय सोडायचा मागाखालचा खड्डा मलब्यानं भरला. मलबा हेमराजच्याच गाडीतून आला. शेजारधर्म म्हणून त्यानं भाडं घेतलं नाही.

त्यानंतर शालिकराम रोज सकाळी मागाच्या त्याच जागी बसायचा. खाली जमीन सपाट, पाय जाणार कुठं? खुर्ची दिली तर बसेना. पौषात जेवण सुटलं. रामदासपेठेत हेमराजच घेऊन गेला, आणलंही त्यानंच.

तिरडी बांधायला जागा हवी म्हणून त्यानं गाडी पार चौकात नेऊन लावली. ऊन आलं होतं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी.

वच्छलाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं एकदा इकडून तिकडं पाहिलं.

"इतकी जागा होती न गा, हेमराज," ती म्हणाली.