गाडीचा दंडवत

भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या घरापुढे रोज उजाडताना गर्दी जमायची, ती एका गाडीचा नमस्कार बघायला. गाडीला नमस्कार करायला नव्हे, गाडीनं घातलेला नमस्कार बघायला. काळी, परदेशी बनावटीची, भल्यामोठ्या चाकांची ती गाडी रात्री पोर्चमध्ये सरळ उभी असायची आणि सकाळी पुढून वाकलेली सापडायची. नाक खाली, मागची बाजू वर, आणि समोरच्या भिंतीवर गौरांग महाराज नावाच्या बुवांचा हार घातलेला फोटो. बायका डोळे पुसायच्या, पुरुष मोबाइल उंच धरायचे. मग माझा धाकटा भाऊ शैलेंद्र सोवळं नेसून यायचा, किल्ली फिरवायचा, आणि गाडी घुंघुं करत हळूहळू डोकं वर काढायची. लोक म्हणायचे, "उठ गई, उठ गई," आणि पेढे फिरायचे.

हे सगळं मी वरच्या मजल्यावरून बघायचे, कारण खाली उतरायची सोयच राहिली नव्हती. मी सुलभा. टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, त्यांनी बांधलेल्या या घराचा वरचा मजला माझा आणि खालचा शैलेंद्रचा. माझा जिना पोर्चमध्ये उतरतो. त्याच्या प्रत्येक पायरीवर भक्तांच्या चपला, आणि चपलांच्या मध्ये मांडी घालून भक्त. माझी स्कूटर भिंत आणि गाडी यांच्या मधल्या कोपऱ्यात अडकलेली. गाडी जागची हलवायची नाही, असा महाराजांचा आदेश होता. "दंडवत घालणाऱ्याला मध्येच उठवतात का, माताजी?" असं ते मला हसून म्हणाले होते. माताजी म्हणे! माझ्यापेक्षा फार तर दोन-चार वर्षांनी लहान असतील.

मी शैलेंद्रला सांगून पाहिलं, की बाबा रे, एकदा गाडी उलटी लाव, तोंड रस्त्याकडे कर. मग ती पलीकडच्या कचराकुंडीलाही असाच नमस्कार करते की नाही, ते बघू. त्यानं हसून विषय बदलला. त्याची बायको मंजूषा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ही गाडी मुळात महाराजांचीच. शैलेंद्र सिंचन खात्यातून निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात लहानपणापासून घर करून बसलेली मोठ्या गाडीची हौस उफाळून आली. नवी घेणं सात जन्मांत शक्य नव्हतं. तेवढ्यात महाराजांच्या एका शिष्यानं सुचवलं, की महाराज आपलं वाहन कुणा पात्र गृहस्थाला प्रसाद म्हणून देणार आहेत. प्रसाद फुकट असतो, असा माझा आपला समज होता. प्रॉव्हिडंट फंडाचा बराचसा भाग त्या प्रसादात गेला, आणि शैलेंद्र टी. टी. नगरच्या बाजारातून गाडी मिरवत घरी घेऊन आला. इतका खूष मी त्याला दहावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात गाडीनं आपले गुण दाखवले. समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला तो विझेना. महाराज म्हणाले, ज्योत प्रगट झाली. गाडी धुतली की छतातल्या काचेच्या कडेनं आत चालवणाऱ्याच्या डोक्यावर पाणी ठिबकायचं, कारण पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या होत्या. महाराज म्हणाले, गंगावतरण. आणि मंजूषानं ते पाणी बाटलीत भरून देवघरात ठेवलं. गिअर बदलताना गाडी असा हिसका द्यायची की मान दुखायची. तर म्हणे, अपात्र माणसाला ही पुढे नेत नाही. आणि ती घुंघुं? ती तर साक्षात ओंकार. पन्नाशी उलटलेली, शिकलेली माणसं बॉनेटला कान लावून डोळे मिटून उभी राहायची. मला हसू यायचं आणि त्याहून जास्त संताप यायचा.

एका दुपारी सगळे आडवे झालेले पाहून मी खाली उतरले. वाटीत भांड्यांचा साबण कालवला, रंगाचा जुना ब्रश घेतला आणि पुढच्या चाकाच्या वर आत हात घातला. आमच्या खात्यात जमिनीखालच्या केबलमध्ये हवा भरून ठेवायचे, आणि ती कुठून निसटते हे साबणाच्या फेसानं शोधायचे. त्यात माझी निम्मी नोकरी गेली. या गाडीला पोलादी स्प्रिंग नाहीत. चाकांवर रबराच्या जाड पिशव्या आहेत, त्यांत हवा असते, आणि त्या हवेवर अख्खी गाडी तोललेली असते. पुढच्या डाव्या पिशवीच्या घडीवर फेस लावला मात्र, तिथे बुडबुडे फुगायला लागले. उजवीकडेही तेच. रबर जुनं होऊन चिरलं होतं. रात्रभर हवा निसटायची, गाडी पुढून बसायची. सकाळी इंजिन चालू केलं की छोटा पंप घुंघुं करत हवा भरायचा आणि गाडी उठायची. झाला चमत्कार!

मी शैलेंद्रला उठवून हे सांगितलं. मला वाटलं तो वाद घालील, निदान कुठे आहेत बुडबुडे ते दाखव म्हणेल. तो उठून चादरीची घडी घालायला लागला. मग म्हणाला, "जाऊ दे ना ताई. लोकांना बरं वाटतं, आपलं काय जातं?" काय जातं? माझा जिना जातो, माझी स्कूटर जाते, असं मी त्याला सुनावलं आणि वर गेले. त्यानं बुडबुड्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, हे मला फार उशिरा खटकलं.

काय जातं ते पुढच्या आठवड्यात कळलं. शैलेंद्रची मुलगी प्राजक्ता बाळाला घेऊन माहेरी आली. चिन्मय दिवस भरायच्या आधीच जन्मलेला, सात महिन्यांचा झाला तरी हडकुळा. जरा थंडी लागली की छाती भरायची. मंजूषाचा सगळा जीव त्या पोरात अडकला होता. तिनं त्याला महाराजांच्या पायांवर घातलं, आणि महाराजांना नवी कल्पना सुचली. "आपल्याकडे लेकरांना देवाच्या पालखीखालून काढतात ना?" ते म्हणाले. "ही पालखीच आहे. रविवारी बाळाला हिच्या खालून काढू. आरती होईपर्यंत हिच्या छत्राखाली राहू दे. शंभर वर्षं जगेल."

मंजूषाला गाठून मी सांगितलं की ती गाडी हवेवर उभी आहे आणि ती हवा गळते आहे. तिनं माझं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "ताई, तुम्हाला मूलबाळ नाही," ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं." हे ती पूर्वी कधी बोलली नव्हती. मला लागलं, खूप लागलं, पण रागवायला वेळ नव्हता. प्राजक्ताकडे गेले, तर ती थकलेल्या आवाजात म्हणाली, आत्या, आईचं मन राहील, दोन मिनिटांचं तर काम आहे, आणि गाडी बसायला रात्र लागते असं तूच म्हणालीस ना. खरंच रात्र लागायची.

रविवारी एवढी गर्दी झाली की फाटक मिटेना. मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होते आणि खाली पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज खुर्चीत बसून माइकवर बोलत होते. गाडीत प्राण आहे, गाडी श्वास घेते, ऐका, असं ते सांगायचे आणि लोक श्वास रोखून ऐकायचे. खरोखरच सुस्कारा ऐकू यायचा. पिशवी गळतच होती ना! मग ते शैलेंद्रला म्हणाले, "यजमान, बटन दाबा. पालखी उंच करा." गाडीला उंची वाढवायचं बटन होतं, खडबडीत रस्त्यासाठी. पंप कण्हायला लागला आणि गाडी इतकी उंच झाली, की तेवढी मी तिला कधीच पाहिली नव्हती. बाळाला धूर नको म्हणून इंजिन बंद केलं. दुपटं अंथरलेली बांबूची टोपली दोरी बांधून गाडीखाली सरकवली, मार्ग शुद्ध करायला आधी तिच्यात नारळ ठेवून. नारळानंतर बाळ जाणार होतं.

मी वरून शैलेंद्रकडे बघत होते. किल्ली त्याच्या हातात होती, आणि तो टोपलीकडे नाही, पुढच्या चाकाच्या वर बघत होता. नेमका तिथे, जिथे मी साबण लावला होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला माहीत आहे. मी सांगायच्या आधीपासून माहीत आहे.

मी चपला तुडवत, लोकांच्या खांद्यांवर हात टेकत खाली उतरले. कुणी शिव्या दिल्या, कुणाच्या बोटांवर पाय पडला. महाराजांच्या माइकपाशी जाऊन मी म्हणाले, "शैलू, बाळाच्या आधी तू जा."

लोकांना ही भक्ती वाटली. "हाँ हाँ, पहले नानाजी," असा गलका झाला. कुणी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, कुणी टोपली आतच बाजूला सारून चटई अंथरली. महाराजही म्हणाले, उत्तम. सगळीकडून वाट बंद. माझा भाऊ गुडघ्यांवर बसला, एक हात चटईवर टेकला आणि तिथेच थांबला.

"आडवा हो," मी म्हणाले. "आणि आरती होईपर्यंत राहा. बाळ राहणार आहे तसा."

त्यानं मान वळवून प्राजक्ताकडे पाहिलं. ती बाळाला छातीशी धरून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही का जात नाही?"

"प्राजू," तो म्हणाला, "बाळाला घेऊन मागे हो. आणखी मागे."

महाराजांनी माइक सावरला. यजमानांची श्रद्धा क्षणभर डळमळली आहे, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. मी त्यांना म्हणाले, मग महाराज, आपली तर डळमळणार नाही, आपण जा. त्यांनी गुडघेदुखीचं सांगितलं. मग गुरूनं वाहनाखालून जायचं नसतं, असं शास्त्र सांगितलं. ते कुठल्या शास्त्रात आहे हे मी विचारत होते, एवढ्यात सुस्कारा मोठा झाला आणि गाडी बसली. ती धाडकन पडली नाही. शांतपणे, रोजच्यासारखीच वाकली, फक्त रात्रीचं काम तिनं दोन-तीन मिनिटांत उरकलं. आत राहिलेल्या टोपलीची कड कडकड वाजत मोडली.

मंजूषा धावत प्राजक्ताकडे गेली. प्राजक्ता रडायला लागली, आणि आईचं बघून बाळही. मी वर जाऊन साबणाची वाटी आणली, इंजिन चालू करायला लावून पिशव्यांत पुन्हा हवा भरली, चाकाच्या वर फेस लावला आणि लोकांना एकेक करून बघायला लावलं. सायकलचं पंक्चर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गॅसच्या सिलिंडरला साबण लावून पाहणारेही त्यांत होतेच. मला फारसं समजवावं लागलं नाही.

बाकीचं शैलेंद्रनं सांगितलं, चटईवर बसूनच, मान खाली घालून. गाडी वाकायला लागली तेव्हाच तो गुपचूप तिला वर्कशॉपमध्ये घेऊन गेला होता. दोन्ही पिशव्या आणि पंप बदलावा लागेल, वर गिअरबॉक्स आणि छताचं काम, असा आकडा त्यांनी सांगितला तो गाडीच्या किमतीच्या जवळपास होता. तोवर बेतानं चालवा, पण ही कधी पूर्ण उंच करू नका, उंच केली की रबराची घडी उलगडते आणि चीर उघडी पडते. आणि हिच्या खाली कधी जाऊ नका, हेही सांगितलं होतं. "आणखी एक म्हणाले," शैलेंद्र म्हणाला. "ही गाडी आमच्या ओळखीची आहे म्हणाले. महाराजांनी इथेच दाखवली होती. त्यांनाही हाच आकडा सांगितला होता."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. महाराजांची खुर्ची रिकामी होती. जिन्यावरच्या चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःच्या पादुका काही सापडल्या नसाव्यात, कारण त्या संध्याकाळी मला तिथे मिळाल्या. अनवाणीच गेले.

लोक गेल्यावर मी भावाशेजारी चटईवर बसले. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. तो म्हणाला, "अडकलो होतो गं ताई. फसलो म्हटलं असतं तर सगळे हसले असते. आणि महाराज म्हणाले, गाडी दंडवत घालते, तर लोक माझ्याच पाया पडायला लागले." मी म्हणाले, हसले असते तर हसले असते, दोन दिवस हसले असते. त्यानं माझा हात घट्ट धरून ठेवला.

गाडी अजून विकली गेलेली नाही; खरं सांगून विकायची म्हटल्यावर कोण घेतो? पण तिचं तोंड आता रस्त्याकडे आहे, माझी स्कूटर मोकळी आहे, आणि गाडी रोज सकाळी पलीकडच्या कचराकुंडीला मनोभावे नमस्कार करते. चिन्मय रांगायला लागला आहे, तो डॉक्टरांच्या औषधानं आणि मंजूषाच्या हातच्या मऊ भातानं.

मोडकी टोपली मी जिन्याच्या कठड्याला टांगून ठेवली आहे. कुणी विचारलं तर सांगते. तुमच्या गल्लीतही कुणीतरी एखादं नवल घेऊन येईल. तुम्ही घाबरलेले असाल, थकलेले असाल, घरात आजारी माणूस असेल, आणि अशा वेळी विश्वास ठेवावासा वाटतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते नवल का घडतं हे कुणा जाणत्याला विचारा. आणि विचारायलाही वेळ नसेल, तर आपलं लेकरू पुढे करायच्या आधी त्या माणसाला एवढंच म्हणा, की आधी तुम्ही जा.