उंबऱ्याबाहेरची मशीन

मी सरलाची शिलाई मशीन बोलतेय. आवाज कर्कश वाटेल. माझं तेल जळून गेलंय आणि चाक फिरत नाही.

पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी कवेलूच्या छपराच्या भाड्याच्या खोलीत माझे चांगले दिवस गेले. सरला पहाटेपासून पायडल मारायची. गणवेश, ब्लाउज, परकर, सगळं शिवायची. तिची रजनी मॅट्रिक झाली होती आणि नागपूरला नर्स व्हायला जाणार होती, माझ्याच कमाईवर. सरलाचा नवरा गुणवंता एका दुकानात मुनीम होता. त्याच्या पगारात त्याचं पान-तंबाखू भागायचं.

सुखदेव एजंटानं त्यांच्या सामानाचा विमा उतरवला. म्हणाला, "गुणवंताभाऊ, हा या खोलीपुरताच आहे. सामान बाहेर नेलं त चालत नाही. थोडा वाढवून घ्या."

"मशीनले का पाय आहेत?" गुणवंता हसला. "ते कुठं जाऊन राहिली?"

सरलाही हसली. खरं सांगते, मलाही तो विनोद आवडला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांना गोटे मारतात आणि नेम चुकला की गोटा आमच्यासारख्यांच्या छपरावर येतो. त्या वर्षी गुणवंताला शहाणपण सुचलं. पोळ्याच्या सकाळीच त्यानं मला बैलबंडीत चढवलं. तिगावला, सरलाच्या भावाकडे, केशवरावांकडे मी सुखरूप राहणार होते.

"अन् विम्याचं?" सरलानं विचारलं. "सुखदेवभाऊ खोलीपुरता म्हणत होते."

"सख्ख्या भावाचं घर का बाहेरचं असते?"

माहेराला परकं म्हणायची तिची छाती नव्हती.

केशवरावांनी मला गोठ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाला टेकवून ठेवलं. संध्याकाळी बैलांची आरती झाली. दिवा तिथंच ठेवून सगळे पुरणपोळीवर तुटून पडले. बैलानं शेपटी हलवली, दिवा कलंडला, पऱ्हाटी पेटली. लोक धावले, दावी कापून बैल बाहेर काढले. बैल वाचले याचं मला वाईट वाटत नाही. माझ्याकडे मात्र कोणी वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोटमार झाली. आमच्या खोलीचं एक कवेलूही फुटलं नाही.

विम्याचे साहेब आले. "मशीन कुठे होती?"

"घरीच," गुणवंता म्हणाला. "म्हणजे, साळ्याच्या घरी."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

रजनी नागपूरला गेली नाही. सौंसरच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. सरला आता त्याच तालुक्यात दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्री तोडायला जाते. गुणवंतानं पुढच्या वर्षी विमा वाढवून घेतला बरं का, त्याच्या ट्रान्झिस्टरसाठी. तो बगलेत घेऊन गुणवंता गावभर फिरतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनो, छप्पर मालकाचं असतं, पण जळतं ते तुमचं. एजंट कंटाळवाणा बोलतो, तरी शेवटपर्यंत ऐका. माझ्यासाठी कोणी ऐकलं नाही.

मी अजून तिगावलाच आहे. माझ्या लोखंडी पायांवर बैलांच्या पाण्याचं घमेलं ठेवतात. यंदा पोळ्याला रजनी आली होती, कडेवर पोर घेऊन. तिनं हळूच पायडलवर पाय ठेवला. ते थोडं हललं. वर हलायला काही उरलेलं नव्हतं.

"मामाजी," ती म्हणाली, "हे मले देता का? दुरुस्त होते का पाहतो."

"देलं असतं बाई," केशवराव म्हणाले. "पण मंग बैलाचं पाणी कुठं ठेवू?"

रजनीनं पाय काढून घेतला.