वरचे सूर

मित्रांनो, उचलायला जड, दिसायला ओबडधोबड असा मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर. गाण्याचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला द्यायचा, हे माझं काम. माझ्या पाठीवर काचेचे व्हॉल्व्ह आहेत. ते तापून लालसर दिसू लागले की मगच मी गातो.

मला घडवलं ते चष्मेवाल्यांनी. दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी आले की जेवणाच्या टेबलावर माझा पसारा मांडायचे. पत्रा कापून त्यांनी माझं अंग केलं, भोकं कानशीने घासली, प्रत्येक तारेला डाख दिला. बायको ताटं घेऊन उभी असायची.

"अहो, आज जेवायचं कुठे? याच्या डोक्यावर?"

"एवढी एकच तार," ते म्हणायचे. त्या एका तारेपायी तिचा सगळा हिवाळा गेला. पण मी पहिल्यांदा गायलो तेव्हा तीही हातातलं काम टाकून बसली. मला फार अभिमान वाटला.

पुढे बरीच वर्षं मी घरादाराचा लाडका होतो. मग एका संध्याकाळी चष्मेवाल्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वरचे सूर दबलेत. व्हॉल्व्ह थकले असणार."

व्हॉल्व्ह थकतात, हे खरं आहे. पण माझे थकले नव्हते. बासरीवाल्याचा श्वाससुद्धा मी जसाच्या तसा बाहेर सोडत होतो. त्यांनी नवे व्हॉल्व्ह बसवले, मग कपॅसिटर बदलले, मग तारा. माझ्या अंगातलं धडधाकट सामान कचऱ्याच्या डब्यात गेलं. दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात जन्म गेला, पण आपले कान तपासून घ्यावेत हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. मी तरी काय करणार? माझ्याकडे आवाज होता तो दुसऱ्यांचा. स्वतःचा एक शब्द मला काढता येत नव्हता.

सुटीला आलेली लेक आईला म्हणाली, "हा तर छान वाजतोय. बाबा का खोलतायत सारखा?"

"हळू बोल," आई म्हणाली आणि लगेच ओशाळली. हळू बोलायची गरजच उरली नव्हती.

"मग सांग ना त्यांना."

"कोणत्या तोंडाने सांगू? तेवढाच एक जीव रमतो त्यांचा."

एकदा असंच खोलताना माझ्या ट्रान्सफॉर्मरची आतली तार तुटली आणि मी कायमचा मुका झालो. चष्मेवाले हिरमुसले, पण हरले नाहीत. त्यांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला. मी कपाटावरून बघत होतो. तो सुरू झाला तेव्हा इतका स्वच्छ वाजला की मला हेवा वाटला. चष्मेवाले मात्र कान लावून उभे राहिले आणि त्यांनी बटण बंद केलं.

"यातही तेच. माझा हातच गेला आता."

त्यांनी सगळी हत्यारं पिशवीत भरली आणि ती दाराबाहेर, कचऱ्यापाशी नेऊन ठेवली. बायको मागे उभी होती. "अहो, हात नाही गेला तुमचा," ती म्हणाली. पण ते फक्त मला ऐकू आलं.

मित्रांनो, जुनी यंत्रं जपा, ती उगाच खोलू नका. आणि आपल्या माणसाला काही सांगायचं असेल, तर पाठीमागे उभं राहून सांगू नका. समोर जा आणि त्याला ऐकू येईल असं सांगा.