पिवळ्या रंगाखालची फळी

ओर्तेन्सियाने डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडायच्या आधीच रेमीजिओला आतला रंग कळला. न कळायला काय झालं? गेल्या वर्षी मे महिन्यात त्यानंच तो ‘ला तेर्का’ या मासेमारी बोटीला दिला होता.

“दान्तेनं तळाशी उरलेला घरी आणला होता, कोंबड्यांच्या खुराड्याला लावायला,” ती म्हणाली. “खुराडं राहिलंच. तू बोटीला हाच लाव, लुकड्या. दुकानातला नको.”

दान्ते तिचा नवरा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ला तेर्का’ त्याला आणि आणखी चौघांना घेऊन बुडाली. बुडालेल्या बोटीचं हातभर मॉडेल वर्ष भरतं त्या रविवारी चॅपेलच्या छताला टांगायचं, ही इथल्या कोळ्यांची रीत. त्यामुळे ते छत मार देल प्लाताच्या बंदरापेक्षा जास्त गजबजलेलं आहे.

रेमीजिओ पोटासाठी गोदीत खऱ्या बोटी रंगवायचा आणि शनिवारी मॉडेलवाल्यांच्या क्लबात खोट्या. जीव खोट्यांवर जास्त. क्लबात रंग दुधाइतका पातळ लागतो. कोणतं दूध, यावर तीन शनिवार भांडण झालं होतं. सायीच्या दुधाचा आग्रह धरणारे दोघे अजून वेगळ्या टेबलावर बसतात. पण जाड रंग खिळ्यांची डोकी आणि फळ्यांच्या रेषा गिळून टाकतो, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. गोदीत नेमकं तेच हवं असतं.

‘ला तेर्का’च्या उजव्या कुशीत, पाण्याच्या रेषेखाली, दोन फळ्या अशा कुजल्या होत्या की पेचकस मुठीपर्यंत आत जाई. मालक सोर्रेन्ती म्हणाला होता, “हंगाम तोंडावर आलाय, लुकड्या. खड्डे बुजवायला लांबी भर आणि वरून रंगाचे दोन घट्ट हात दे. माझी बायको रोज सकाळी हेच करते, कुणाला पत्ता लागतो का?” रेमीजिओ तेव्हा हसला होता. तपासनीस आला, रंग फार सुरेख बसलाय म्हणाला आणि शिक्का मारून गेला. बोट बुडाल्यावर चौकशी झाली, तीत सगळा दोष समुद्राचा निघाला. समुद्रानं अपील केलं नाही.

मॉडेल त्यानं आठवणीतून बांधलं, फळीला फळी. उजव्या कुशीत दोन फळ्या मध्येच तोडल्या आणि तिथे लांबी भरली. का भरली, हे त्याला सांगता आलं नसतं. खऱ्या बोटीत खोटेपणा केला होता; मॉडेलमध्ये हात धजेना.

डब्यात रंगावर पापुद्रा धरला होता. तो अलगद उचलून टाकला, रंग बायकोच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळला आणि त्यातला अर्धा पेल्यात घेतला. मग थेंबाथेंबानं टर्पेंटाइन. प्रत्येक थेंबानंतर ढवळायचं, पेला कलता करायचा, पाहायचं. ओघळ खाली उतरून काचेवर मागे झिरझिरीत पिवळा पडदा राहिला, तेव्हा तो थांबला. एअरब्रशची हवा कमी ठेवून, चार बोटं अंतरावरून, पाच हात दिले. दर हातानंतर एक दिवस वाळू दिलं.

पाचव्या हातानंतर बोट अशी दिसू लागली की दान्ते आतून शिव्या देत बाहेर येईल. फळ्यांची रेघ न् रेघ दिसत होती. उजव्या कुशीत मात्र त्या रेघा नखाएवढ्या गुळगुळीत डागापाशी येऊन थांबत होत्या.

रविवारच्या तीन दिवस आधी ओर्तेन्सिया आली. त्यानं माते, इथला कडवट पानांचा चहा, केला. तिनं नळीतून एक घोट घेतला आणि बोटीभोवती सावकाश फेरी मारली.

“इथं रेघा का थांबल्यात?”

“तिथं लांबी आहे.”

“मॉडेलला?”

“बोटीलाही होती. फळ्या कुजल्या होत्या, ओर्तेन्सिया. सोर्रेन्ती म्हणाला भर, आणि मी भरली.”

आता ती किंचाळेल असं त्याला वाटलं. त्यानं उकळती किटली तिच्या हातापासून लांब सरकवली, मग लाज वाटून पुन्हा जवळ ठेवली.

“दान्तेनं सांगितलं होतं मला,” ती म्हणाली. “तुझं कौतुक करत होता. लुकड्याचा हात लागला की काही कळतसुद्धा नाही म्हणाला.”

“माहीत होतं, तर गेला कशाला?”

“तू भरलीस कशाला?”

यावर दोघांनी माते प्यायला.

“झाक ते,” ती म्हणाली. “रविवारी बोट सोर्रेन्ती स्वतः उचलून आत नेणार आहे. अगदी नाकासमोर असेल त्याच्या.”

“दिसू दे की.”

“तुझं काय जातंय दिसू दे म्हणायला! माझ्या नाझारेनोला कामावर घेतलंय त्यानं. दोन वर्षांनी काम मिळालंय माझ्या भावाला. सोमवारी निघतोय, त्याच्या दुसऱ्या बोटीवर, ‘ला मान्सा’वर.”

रेमीजिओनं डब्यातला उरलेला रंग पुढे ओढला. टर्पेंटाइनच्या बाटलीला हात लावला नाही. तसला रंग एअरब्रशमधून उतरत नाही, म्हणून ब्रश घेतला. पहिल्या हाताला रेघा बुजल्या, दुसऱ्या हाताला डाग गेला.

“इथं कडेला अजून थोडा,” ओर्तेन्सिया म्हणाली.

त्यानं दिला. मग ब्रश खाली ठेवत म्हणाला, “नाझारेनोला पाठवू नकोस.”

“मग खाईल काय तो?”

“यंदा ‘ला मान्सा’ही मीच रंगवली.”

ती कोटाची एक बाही हातात चढवून तशीच उभी राहिली.

“कुठल्या बाजूला?”

“डावीकडे. इंजिनामागे, खाली.”

“तिथं झोपायच्या जागा आहेत ना?”

“दोन्हीकडे आहेत.”

“मग उजवीकडची धर म्हणून सांगते त्याला,” ती म्हणाली आणि दुसरी बाही चढवली.