चाळीस अंश उघडं कपाट

डेसिबलकाकांना चांगल्या बातमीचं वावडं होतं. त्यांचा रेडिओचा बोर्ड चाचणीत नापास झाला की त्यांना शांत झोप लागे. पास झाला की मात्र ते कूस बदलत राहत, कुणी काय घोळ घातला असेल याचा विचार करत. हे टोपणनाव त्यांना पडलं होतं ते बोलण्यामुळे. डेसिबल हे सिग्नल मोजायचं माप, पण काका त्याने घरचा चहासुद्धा मोजत. साखर कमी पडली की म्हणत, "आज अर्धा डेसिबल खाली आहे."

गेली आठ वर्षं ते एकाच बोर्डाच्या मागे होते. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर सोळा चिमुकले अँटेना, आणि त्यातून निघणारी मिलिमीटर लाट. लांबी पाच मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. ही लाट माहिती भराभर वाहून नेते, पण स्वभावाने नाजूक. भिंत राहू द्या, मधून कुणी चालत गेलं तरी तिथल्या तिथे बसकण मारते. काकांच्या बोर्डाची करामत अशी की माणूस आडवा आला की तो क्षणात दुसरी वाट शोधायचा.

अडचण एवढीच की या रेडिओचे नियम अजून ठरायचे होते. ते एक समिती ठरवणार होती. समितीत दोन गट होते, एक काकांच्या पद्धतीचा आणि एक रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या पद्धतीचा. नियम ठरण्याआधी बोर्ड बनवणं म्हणजे पायाचं माप कळायच्या आधी बूट शिवणं. बैठक महिन्याभरावर आली होती. समितीने पलीकडची पद्धत उचलली तर बोर्ड खणात जाणार, विभाग मोडणार, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरलेले काका तक्रारनिवारण कक्षात जाणार, जिथे लोक फोन करतात.

आणि अशा वेळी चाचणीचे आकडे सुंदर यायला लागले.

आकडे काढत होती नवी मोजणीवाली. तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली, आणि आली होती ती नेमकी रस्त्यापलीकडच्या कंपनीतून. एक बोर्ड तिच्या टेबलावर असे, दुसरा काकांच्या टेबलाशेजारी स्टँडवर, त्यांच्या डोक्याच्या उंचीला. मधे ती पाण्याने भरलेले कॅन एकावर एक रचून त्यांना जुना शर्ट घालायची. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच असल्यामुळे लाटेला फरक कळत नाही. या शर्टवाल्याला सगळे 'पाव्हणा' म्हणत. पाव्हणा मधे उभा केला की सिग्नल तुटायला हवा, मग बोर्डाने दुसरी वाट शोधायला हवी. बोर्ड शोधत होता. वीसपैकी वीस वेळा.

वीसपैकी अठरा आले असते तर काकांनी पेढे वाटले नसते, पण विश्वास ठेवला असता. वीसपैकी वीस हा माणसाने लिहिलेला आकडा वाटतो. त्यांनी घरी जेवताना बायकोला सगळा कट उलगडून सांगितला. बाई पलीकडची. ती खोटे आकडे देणार, साहेब ते समितीपुढे वाचणार, समिती म्हणणार आमच्या रिकाम्या हॉलमध्ये करून दाखवा, आणि तिथे बोर्ड तोंडावर पडणार.

बायकोने शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाली, "अहो, नापास झालं की तुमचा बोर्डावर संशय, पास झालं की माणसांवर. दूधवाल्याच्या मापावर वर्षभर संशय घेतलात, शेवटी आपलंच पातेलं गळकं निघालं."

काकांच्या मते हा मुद्दा तांत्रिक नव्हता.

संशयाला खाद्यही मिळत होतं. मोजणीवाली एका लाल वहीत काहीतरी टिपायची आणि कुणी जवळ आलं की वर हात आडवा ठेवायची. एकदा तिने काकांच्या लोखंडी कपाटाचा फोटो काढला. एकदा विचारलं, "काका, या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते का?" आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे, ऐन मोजणीच्या वेळी ती काय करते तेच काकांना दिसत नसे, कारण मधे पाव्हणा उभा असे.

त्यावर काकांनी आकडे सुंदर यायच्या आधीच, केवळ ती पलीकडची म्हणून, तोडगा काढला होता. कपाटाच्या दाराला आतून आरसा होता. दार बरोबर चाळीस अंश उघडं ठेवलं की खुर्चीत बसल्या बसल्या पाव्हण्याला वळसा घालून तिचं टेबल दिसायचं. काका रोज सकाळी दार त्या जागी आणत, डब्यातली दोन बिस्किटं काढत आणि फाइल वाचत असल्यासारखे आरशात बघत बसत. दोन आठवडे बघूनही तिचा हात कुठे वावगा पडला नाही. यावरून ती किती तयारीची आहे हे त्यांना कळलं.

मंगळवारी दाढ दुखली म्हणून ते कपाट बंद करून दातांच्या डॉक्टरकडे गेले. परत येऊन पाहतात तर आकडा वीसपैकी शून्य. बुधवारी ते हजर, वीसपैकी वीस. आता शंकेला जागाच नव्हती. पाठ फिरली की ही काहीतरी करते.

गुरुवारी त्यांनी सापळा लावला. दाढेचं नाव मोठ्याने घेतलं, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली दिसेल अशी टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन दाराच्या काचेतून बघत उभे राहिले. तिने पाव्हणा मधे उभा केला. पडद्यावरची हिरवी रेघ लाल झाली आणि लालच राहिली. तिने कशाला हात लावला नव्हता. मग ती उठली, किल्ली घेतली आणि सरळ काकांचं कपाट उघडलं.

"सापडलात," काका आत येत म्हणाले.

ती दचकली नाही. "बरं झालं आलात. आत काय लपवलंय ते दाखवा."

आत एक छत्री होती, आठ वर्षांच्या फायली आणि बिस्किटांचा डबा. ती बराच वेळ शोधत राहिली. काका असतात तेव्हा पास, नसतात तेव्हा नापास, म्हणून तिची खात्रीच झाली होती की काकांनी कपाटात एखादं छुपं यंत्र ठेवलंय, सिग्नल पुढे ढकलणारं. लाल वहीत तिने तारखेवार लिहून ठेवलं होतं: कपाट उघडं, काका हजर, पास. कपाट बंद, काका गैरहजर, नापास. निराश होऊन तिने दार सोडलं. सवयीने काकांनी ते चाळीस अंशांवर आणलं.

पडद्यावरची रेघ हिरवी झाली.

दोघांनी दाराकडे पाहिलं. काकांनी दार लावलं, लाल. उघडलं, हिरवी. ज्या वाटेने काकांची नजर पाव्हण्याला वळसा घालून जात होती, त्याच वाटेने लाट त्यांच्या कानाशेजारच्या बोर्डावर येत होती. मिलिमीटर लाटेला लोखंडी दार म्हणजे आरसाच.

"पण दार रोज बरोबर एवढंच का उघडं असतं?" तिने विचारलं.

काकांनी फाइल शोधायचा प्रयत्न केला.

"राहू द्या. मला पहिल्या दिवशीच कळलं. आरशात तुम्हाला मी दिसत होते, तर तुम्ही मला दिसणार नाही का? म्हणून तर वहीवर हात ठेवायचे."

अँटेना ज्या दिशेने पाठवतो त्याच दिशेने तितकंच ऐकतो, हा या धंद्यातला पहिला धडा. काकांनी तो तीस वर्षं नव्या लोकांना शिकवला होता.

आता खरा पेच होता. साहेब वीसपैकी वीसवर खूश होते. अहवालात कपाटाचा रकानाच नव्हता. गप्प बसलं तर कुणी विचारणार नव्हतं. बोललं तर आठ वर्षांचं काम एका दारावर टांगलेलं निघणार, आणि वर दार का उघडं होतं तेही सांगावं लागणार. काकांनी एक बिस्किट खाल्लं. दुसरं तिला दिलं. मग म्हणाले, "रकाना घाला."

अहवालात नवी ओळ आली. 'भोवतालचा धातू: लोखंडी कपाट एक, दार चाळीस अंश उघडं. दुसरी वाट असेल तर बोर्ड ती शोधतो. नसेल तर शोधू शकत नाही.' खाली 'दार उघडं असण्याचं कारण' यापुढे काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मोजणाऱ्यावर संशय.' तिने सही केली. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि तक्रारनिवारण कक्षात जागा आहे का, याची काकांसमोरच चौकशी केली.

समितीनेही ते वाचलं. मग कुणीतरी पलीकडच्या कंपनीला विचारलं की तुमच्या खोलीत काय होतं. त्यांना आठवायला वेळ लागला, पण आठवलं: एक लोखंडी पंखा आणि एक गजांची खिडकी. समितीने निर्णय सहा महिने पुढे ढकलला आणि दोघांनाही हुकूम केला की चाचण्या पुन्हा करा, खोलीतला सगळा धातू नोंदवून, आणि एकदा रिकाम्या हॉलमध्येही. विभाग सहा महिन्यांपुरता वाचला.

आता कपाट अधिकृत चाचणीसाहित्य आहे. दाराखाली फरशीवर खूण केलेली आहे आणि चाचणी चालू असताना ते हलवायला काकांना मनाई आहे. कुलूप लावायलाही. काका समोर बसून आरशात बघत असतात. तिकडून ती मान डोलावते.

डब्यातली बिस्किटं मात्र हल्ली रोज दोनऐवजी चारने कमी होतात. काकांचा पाव्हण्यावर संशय आहे, असं ते सगळ्यांना सांगतात.