शेवटचे वीस हात

"अवो, तो दोर टाका वर. वारा सुटला तर सगळा पेंढा उडंल," गोदू शिडीवरून म्हणाली.

तुळशीराम खाली उभा होता आणि छपरावरचं हे काम त्याला मुळीच पसंत नव्हतं. तरी त्यानं दोर टाकला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सकाळभर उतारावर गवत कापून आल्यावर, बायकोशी वाद घालण्याइतकं बळ माणसात उरत नाही.

तसं गोदूचंही काही चुकत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी ध्यानीमनी नसताना गारा पडल्या. पनवेलकडे गार म्हणजे कधीमधी पडणारी, वेचून तोंडात टाकायची गंमत. यंदा त्या लिंबाएवढ्या आल्या. घरावरचे सिमेंटचे पत्रे जुने, चुलीवरचा पत्रा फुटला आणि त्याचा तुकडा गोदूच्या खांद्यात बसला. तिथं ताडपत्री बांधून झाली. पण तेव्हापासून आभाळ जरा काळवंडलं की ती दचकायची. शेवटी तिनं उरलेल्या पत्र्यांवर भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर घालायला घेतला, म्हणजे पुन्हा गारा आल्या तर दणका पेंढ्यावर बसेल.

"आगीचे दिस हायेत, गोदू. एक ठिणगी आली तर?"

"तुमचा पट्टा हाय ना? मग ठिणगी येतेय कशाला?"

पट्टा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

वाडीत पाच घरं, डोंगराच्या पायथ्याशी एका रांगेत. त्यातलं शेवटचं तुळशीरामचं. दरवर्षी होळीच्या आसपास घरांमागच्या उतारावर दहा हात रुंदीचा पट्टा साफ करायचा, अशी वाडीची रीत होती. गवत कापायचं, पालापाचोळा ओढून काढायचा, खाली नुसती माती ठेवायची. वणवा तिथं आला की खायला काही न मिळून विझतो. घरटी एक माणूस यायचा. आणि जो पुढारपण करील, त्याच्या घरामागचा पट्टा सगळ्यांत शेवटी काढायचा. यानं आधी स्वतःचं बघितलं, असं कोणी म्हणू नये.

हे पुढारपण तुळशीरामकडे तीस वर्षं होतं. मधल्या काळात जमिनी विकल्या गेल्या, माणसं कळंबोलीला आणि खांदा कॉलनीला राहायला गेली, आणि चार घरांना कुलपं लागली. पुढारी तेवढा उरला, त्याच्या मागं माणूस एकही नाही. तरी हा गडी पहिल्या कुलपापासून सुरुवात करायचा आणि आपल्या घरापाशी शेवटी पोचायचा. पूर्वी चार दिवसांत उरकणारं काम आता तीन आठवडे चालायचं.

"कोन बघतंय आता? आधी आपल्या मागचं काढा की," गोदू दरवर्षी म्हणायची.

"कोन बघत नाय म्हनून आधी आपलं करायचं?" तो दरवर्षी म्हणायचा.

त्यांचा मुलगा काशिराम खांदा कॉलनीत राहायचा. दर रविवारी त्याचा फोन ठरलेला. "बाबा, इथे डोक्यावर स्लॅब आहे. आगीचं टेन्शन नाही, गारांचं नाही. बॅग भरा आणि या दोघं."

खरं सांगायचं तर अलीकडे तुळशीरामलाही जावंसं वाटायचं. तो फार थकला होता. विळा हातात धरला की बोटं पुन्हा सरळ व्हायला वेळ लागायचा. पण जमीन भावाभावांत वाटून विकून संपली होती, आणि आपलं म्हणावं असं हे एकच घर उरलं होतं. त्याच्या भिंतींची माती त्यानं आणि गोदूनं पायांनी तुडवली होती. मग तो मुलाला पुढच्या महिन्याचा वायदा करायचा.

त्या दिवशी दोर टाकून तो पुन्हा उतारावर गेला आणि दुपार कलेपर्यंत चारही कुलपांमागचा पट्टा झाला. राहिले होते ते त्याच्या स्वतःच्या घरामागचे वीस हात. तुळशीरामनं उताराकडे पाहिलं, कमरेला हात लावला आणि उरलेलं उद्यावर टाकलं. तीस वर्षांत दिवसाचं ठरलेलं काम अर्धं टाकून तो पहिल्यांदाच खाली आला. पाणी प्याला आणि ओटीवर आडवा झाला.

वणवा वरच्या खिंडीतून आला. कोणी लावला, कसा लागला, ते कोणालाच कळलं नाही. गोदूनं धुराच्या वासानं त्याला उठवलं, तेव्हा आग अर्ध्या उतारावर होती आणि वारा खाली वाहत होता. ती शिडीकडे धावली, पण पेंढा तिनंच दोरानं आवळून बांधला होता. तो सुटेना.

"खाली ये," तुळशीराम म्हणाला. "खाली ये आधी."

साफ केलेल्या पट्ट्याशी आग ठरल्यासारखी अडली. चार घरांमागं ती मातीच्या कडेपर्यंत आली, जरा फुरफुरली आणि मेली. उरलेल्या वीस हातांतून मात्र ती सरळ आत शिरली. तिच्या आधी ठिणग्या आल्या आणि पेंढ्यावर पडल्या. मग छप्पर पेटायला कितीसा वेळ लागणार? पत्रे तडातडा फुटले, वासे आत कोसळले. गोदूनं कशीबशी एक ट्रंक ओढून बाहेर काढली. आपलं घर गेलं, हे तुळशीरामला तेव्हाच कळलं. त्यानं करंजाची ओली फांदी तोडली आणि आपल्या अंगणाची कड झोडपत राहिला, कारण शेजारी कळंबोलीला गेलेल्या सखूबाईचं घर होतं. संध्याकाळी आग विझली.

सकाळी त्यांच्या घराच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. काशिराम टेम्पो घेऊन निघाला होता. तोवर बसायला सावली हवी म्हणून दोघं सखूबाईच्या ओटीवर जाऊन बसली. दाराला कुलूप होतं.

गोदू म्हणाली, "पेंढा मी घातला."

"वीस हात मी सोडले," तुळशीराम म्हणाला.

इतक्यात त्याचा मोबाईल वाजला. कळंबोलीहून सखूबाई होती.

"तुळशीदादा, डोंगर जळाला म्हनतात. आमचं घर?"

"हाय की. येक कौल नाय हाललं."

"देवासारखे हाव तुमी. मी तर रातभर झोपले नाय. फुडच्या वर्साला पट्ट्याला आमचा मानूस पाठवीन. नक्की पाठवीन."

"पाठव."

"आता कुटं हाव तुमी?"

"हितंच. तुज्या ओटीवर बसलोय."

"बसा, बसा. येते मी गौरी-गनपतीला."

फोन बंद झाला. गोदू त्याच्याकडे बघत होती.

"आपलं का नाय सांगितलं?"

"तिनं इचारलं नाय."

गोदूला राग आला, आणि लगेच त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिनं तोंड फिरवलं. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. तिनं ट्रंकेची एक कडी धरली. तुळशीराम उठला, पण दुसरी कडी धरण्याआधी त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, वाकला आणि दोघांच्या पायांनी ओटीवर उमटलेली राख पुसून काढली.